मेथीच्या वाफ्यातली तिपानी तणं: रानमेथी, मेडिकॅगो, आंबुटी कशी वेगळी ओळखायची?

निफाड_बागायत (प्रश्न)

नमस्कार मंडळी. रब्बीच्या मेथीत, लसूणघासात आणि गव्हाच्या कडेने तीन-तीन पानांची बरीच तणं उगवली आहेत. लांबून सगळी मेथीच वाटते. नीट पाहिल्यावर चार प्रकार दिसतात:

क) उभं वाढणारं, सध्या वीतभर उंच. पान मेथीपेक्षा अरुंद. पाटाच्या कडेच्या एका रोपाला बारीक पिवळा तुरा आलाय.

ख) जमिनीलगत पसरणारं. पान गोलसर, टोकाला किंचित खाच. पिवळी फुलं दोन-चारच, पानाच्या बगलेत.

ग) ड्रिपरखाली, ओलीवर. पान बदामाच्या आकाराचं, फूल पिवळं.

घ) नर्सरीतून आणलेल्या गुलाबाच्या पिशव्यांत. पान मोठं, फूल गुलाबी.

फोनवरचं ओळख ॲप एकाच रोपाला दर वेळी वेगळं नाव देतं: ब्लॅक मेडिक, लेसर ट्रेफॉइल, स्पॉटेड मेडिक, व्हाइट स्वीट क्लोव्हर. मेथीची जुडी महिन्याच्या आत निघते, तोवर या तणांना फूलही नसतं. तर फुलाआधी ओळखायचं कसं? आणि उपटलेलं तण जनावरांना टाकलं तर चालेल का?

---

तणवही

तुमचं वर्णन चांगलं आहे, पण सगळा भर पानाच्या आकारावर आहे आणि घोटाळा तिथेच होतो. या गटात एकाच रोपावर खालचं पान गोल आणि वरचं लांबट असू शकतं. पाणी जास्त मिळालं की पान दुप्पट होतं. ॲपची अडचणही हीच. त्याला पानाचा वरून काढलेला फोटो मिळतो, आणि युरोपातल्या दहा जाती त्या फोटोशी जुळतात.

पान बाजूला ठेवा आणि पेर बघा. पानाचा देठ खोडाला जिथे चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना छोटी पानासारखी उपांगं असतात, त्यांना उपपर्णं म्हणतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर उत्तम. नसेल तर फोनचा कॅमेरा झूम करून, मागे पांढरा कागद धरून पाहिलं तरी पुरतं. शेंड्याकडून तिसरं-चौथं पेर निवडा. शेंड्यावरची उपपर्णं अजून उघडलेली नसतात, बुडाची वाळून गळालेली असतात.

तुमचं ख आधी घेतो, कारण त्याची खूण सगळ्यांत पक्की आहे. त्याचं उपपर्ण कंगव्यासारखं चिरलेलं असेल, म्हणजे मधली पट्टी अरुंद आणि कडेला लांब बारीक दाते, तर ते मेडिकॅगो पॉलिमॉर्फा. लसूणघासाचाच भाऊबंद, मूळचा भूमध्य समुद्राभोवतीचा. तुमच्या चार तणांत असं झालरीसारखं उपपर्ण दुसऱ्या कुणालाच नाही. दोन पानांचं रोप असलं तरी ही खूण सापडते. पुढे फूल आलं की एका दांडीवर साधारण दोन ते सहा, प्रत्येक ४-५ मिलिमीटरचं. मग शेंग येते ती स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, वेढ्यांच्या कडेला दोन रांगांत आकडेदार काटे. वाळल्यावर ती बोंडं कपड्याला चिकटतात.

क हे मेलिलोटस इंडिकस, म्हणजे रानमेथी, असण्याची शक्यता खूप आहे. तिचं उपपर्ण साधं, अरुंद, टोकदार, सुईच्या टोकासारखं निमुळतं, कडा अखंड. पानाच्या तीन सुट्या पात्यांना पर्णिका म्हणतात. मधल्या पर्णिकेला स्वतःचा छोटा देठ असतो, बाजूच्या दोन जवळजवळ बिनदेठाच्या. कडेला बारीक दाते, ते बहुधा वरच्या अर्ध्या भागात. फूल दोन-तीन मिलिमीटरचं, पिवळं, आणि अशी वीस-पंचवीस किंवा जास्तच फुलं एका उभ्या तुऱ्यात. शेंग गोल, तीही दोन-तीन मिलिमीटरचीच, खाली झुकलेली, वर जाळीसारख्या शिरा, आत बहुधा एकच बी. एवढ्याशा दाण्याला शेंग कोण म्हणेल? म्हणून पुष्कळजण ते बी समजतात आणि शेंगेचा शोध घेत बसतात.

खरी मेथी वाफ्यात सोबत आहेच, ती शेजारी ठेवून बघा. मेथीचं उपपर्ण बुडाशी रुंद, त्रिकोणी, मऊ लव असलेलं. पर्णिका मोठी आणि मांसल.

वासावर जायचं असेल तर एक काळजी घ्या. मेथी खुडलेल्या बोटांनी कुठलंही पान चुरगळलं तरी मेथीचाच वास येतो. हात धुवा, वाफ्याबाहेरचं रोप घ्या, मग चुरगळा. रानमेथी ताजी असताना वास सौम्य असतो. सावलीत दोन दिवस वाळवली की वाळल्या गवतासारखा गोडसर वास सुटतो. तो कुमारिन या द्रव्याचा. मेथीचा कडवट मसालेदार वास त्यात नसतो.

---

सिन्नर_माळ

नावाबद्दल एक. आपल्याकडे 'रानमेथी' दोन वेगळ्या झाडांना म्हणतात. एक वर दादांनी सांगितलेली मेलिलोटस. दुसरी डेस्मोडियम ट्रायफ्लोरम, जमिनीला चिकटून पसरणारी, पान नखाएवढं, फूल जांभळट गुलाबी, शेंग चपटी आणि मण्यांसारखी खंड पडलेली. तिच्या पर्णिकेच्या कडेला दाते अजिबात नसतात. ती हिरवळीत, पायवाटेवर वर्षभर दिसते, तर मेलिलोटस ही रब्बीची. औषध विचारताना किंवा फोटो टाकताना नुसतं रानमेथी लिहिलं तर समोरचा भलत्याच झाडाबद्दल सांगेल, हे लक्षात ठेवा.

आणि ज्यांच्या शेतात मेंढरं बसवतात त्यांनी मेडिकॅगोकडे जास्त लक्ष द्यावं. ती आकडेदार बोंडं लोकरीत गुंततात, लोकरीची प्रत उतरते, आणि कळप पुढच्या शेतात गेला की बी तिथे पोचतं. पोत्याच्या तागातही तशीच अडकतात. हिरवी असताना मात्र तीच वनस्पती मेंढरांना चांगला चारा आहे. ऑस्ट्रेलियात तर ती कुरणात मुद्दाम पेरतात.

---

निफाड_बागायत

धन्यवाद तणवही दादा. कागदावर ठेवून फोटो काढले. ख चं उपपर्ण झालरीसारखंच आहे, दाते स्पष्ट मोजता येतात. क चं साधं टोकदार. म्हणजे ही दोन मिटली.

आता दोन शंका. गव्हाच्या कडेला क सारखंच पण कमरेएवढं एक झाड आहे, फूल पांढरं. तीच जात का? आणि ॲप जे ब्लॅक मेडिक म्हणतं ते आपल्याकडे नसतंच का?

---

तणवही

पांढरं फूल आणि कमरेएवढी उंची असेल तर ते मेलिलोटस आल्बस. फूल चार-पाच मिलिमीटर, म्हणजे रानमेथीच्या जवळपास दुप्पट. तुरा लांब आणि विरळ, शेंगही थोडी मोठी. फक्त रंगावर ठरवू नका, कारण रानमेथीचं पिवळं फूल सुकताना फिकट पडतं. तुऱ्याच्या शेंड्याकडचं ताजं फूल मोजपट्टीवर ठेवा.

नावात 'इंडिकस' आहे म्हणून रानमेथी मूळची इथलीच असं धरून चालू नये. तिचा मूळ पट्टा भूमध्य समुद्रापासून पूर्वेकडे पश्चिम आशियात जातो, आणि गहू-मसूर-हरभऱ्यासारख्या रब्बी पिकांच्या बियाण्यात मिसळून ती जगभर फिरली आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये तिला क्लोव्हरच्या, म्हणजे ट्रायफोलियमच्या प्रजातीत घातलं होतं. तेव्हा नावांचा गोंधळ आपल्यापासून सुरू झालेला नाही.

ब्लॅक मेडिक म्हणजे मेडिकॅगो लुपुलिना. ती हिमालयात आणि उत्तर भारतात नेहमीची. इथे बाहेरून आलेल्या लॉनच्या किंवा चाऱ्याच्या बियाण्यातून एखादं रोप येऊ शकतं, म्हणून फरक माहीत असावा. फुलं दोन-तीन मिलिमीटरची, दहा ते पन्नास, मण्याएवढ्या गोल गुच्छात. शेंग काटेरी नाही, गुंडाळलेलीही नाही. मूत्रपिंडाच्या आकाराची, पिकली की काळी. उपपर्ण अखंड किंवा जेमतेम दातेरी, झालर नाही. पर्णिकेच्या टोकाच्या मधोमध बारीकसं टोचरं टोक असतं.

हे टोचरं टोक का सांगतो? कारण लेसर ट्रेफॉइल, म्हणजे ट्रायफोलियम डुबियम, दिसायला लुपुलिनासारखंच असतं आणि त्याला हे टोक नसतं. शिवाय ट्रायफोलियममध्ये फुलाच्या पाकळ्या वाळून तपकिरी होतात आणि शेंगेला तशाच वेढून राहतात. लुपुलिनाच्या पाकळ्या गळून काळी शेंग उघडी पडते. युरोपातले लोक या दोघांत कायम अडकतात आणि ॲप त्यांच्याच फोटोंवर शिकलंय, त्यामुळे ते तुम्हालाही त्यातच अडकवतं. स्पॉटेड मेडिकचं, म्हणजे मेडिकॅगो अरेबिकाचं, तसंच. तिच्या प्रत्येक पर्णिकेवर मधोमध गडद डाग असतो. तुमच्या फोटोत डाग नाही, तेव्हा ते नाव सोडून द्या.

बरसीम हे चाऱ्याचं पीक आपल्याकडचं खरं ट्रायफोलियम. इजिप्तहून १९०४ मध्ये सिंधमार्गे हिंदुस्थानात आलं. पर्णिका लांबट, फुलं मलईसारखी पांढरी, गोल बोंडात. त्याचं उपपर्ण पातळ पापुद्र्यासारखं आणि देठाला बऱ्याच लांबीपर्यंत चिकटलेलं असतं. तिन्ही पर्णिका एकाच बिंदूतून निघाल्यासारख्या दिसतात, मधलीला वेगळा देठ नसतो. ही खूण बरसीम, पांढरं क्लोव्हर, शफ्तल (हेही चाऱ्याचं क्लोव्हरच) यांना लागू पडते. डुबियमसारख्या पिवळ्या फुलांच्या काही ट्रायफोलियमना मात्र मधला देठ असतो, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये.

---

गुलाबशेड

ग आणि घ बद्दल मी सांगतो, पॉलिहाऊसवाल्यांना ही दोन्ही चांगली ओळखीची आहेत. ही कडधान्याच्या कुळातली नाहीतच. ऑक्झॅलिस आहेत. ओळख सोपी: पर्णिकेला दाते नाहीत, बदामाची खाच खोल, चव आंबट, संध्याकाळी तिन्ही पर्णिका छत्रीसारख्या खाली मिटतात. फुलाला पाच सारख्या पाकळ्या. मेथी-रानमेथीच्या फुलाला वाटाण्यासारखी एक मोठी उभी पाकळी असते, इथे तसं काही नाही. उपटल्यावर मुळांवर गाठी नसतात.

ग म्हणजे आंबुटी. खोड रांगतं आणि पेराला मुळं सोडतं. फळ उभं, पाच धारांचं, पिकल्यावर हात लागला की बी फुटाण्यासारखं उडतं. फळ हिरवं असतानाच उपटा, एवढंच.

घ जास्त त्रासाचं. गुलाबी ऑक्झॅलिस दोन आहेत आणि दोन्ही अमेरिकेतून आलेली. वरून बघून फसायला होतं, जमिनीखाली बघून होत नाही. एक रोप खुरप्याने, आजूबाजूच्या मूठभर मातीसकट, चार-पाच इंच खोल उचला आणि पाण्याच्या बादलीत हळू धुवा.

मुख्य कांद्यापासून बारीक पांढरे धुमारे निघून त्यांच्या टोकाला नवे छोटे कांदे लागलेले दिसले तर ऑक्झॅलिस लॅटिफोलिया. हिची पर्णिका त्रिकोणी, टोकाकडे रुंद, दोन्ही कोपरे माशाच्या शेपटीसारखे फाकलेले. धुमारे नसतील आणि पुष्कळ बारीक कांदे मुख्य कांद्याच्या बुडालाच दाटीने चिकटलेले असतील तर ऑक्झॅलिस डेबिलिस. हिची पर्णिका गोलसर आणि लव असलेली. पान उजेडात धरलं की खालच्या बाजूने, कडेजवळ, नारिंगी-तपकिरी ठिपके दिसतात.

हा फरक नुसता नावापुरता नाही. डेबिलिसचे कांदे एका जागी असतात, पण उपटताना सुटतात आणि मातीत सांडतात. ती मातीच्या गोळ्यासकट उचलून टोपलीत टाकायची, झटकायची नाही. लॅटिफोलियाचे धुमारे तुटतात आणि टोकाचे कांदे तिथेच राहतात. तिच्यावर कोळपं किंवा रोटाव्हेटर फिरवणं म्हणजे कांदे पेरणं. पान कापलं तरी जुना कांदा पुन्हा फुटतो. नवे कांदे धरायच्या आधी, म्हणजे दोन-तीन पानं असतानाच उचलायला हवं, आणि तेही दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पुन्हा.

रिकाम्या वाफ्यात एप्रिल-मेमध्ये भरपूर पाणी देऊन पारदर्शक प्लॅस्टिक, २५ ते ५० मायक्रॉनचं, कडा मातीत दाबून चार ते सहा आठवडे ठेवलं तर वरच्या थरातले कांदे बरेच मरतात. काळं प्लॅस्टिक इथे चालत नाही, ते स्वतः तापतं आणि खालची माती कमी तापते. कोरड्या मातीवर अंथरलं तरी फुकट, कारण उष्णता खाली न्यायला ओल लागते. वीतभर खाली गेलेले कांदे मात्र वाचतात.

नव्या पिशव्या आणल्या की लगेच बागेत लावू नका. तीन-चार आठवडे वेगळ्या प्लॅस्टिकवर ठेवा, पाणी द्या. कांदा असेल तर तोवर पान दाखवतोच.

---

गोठा_दिंडोरी

जनावरांचा प्रश्न राहिला. रानमेथी हिरवी, इतर चाऱ्यात मिसळून थोडी गेली तर घाबरायचं कारण नाही. दुभत्या जनावराने जास्त खाल्ली तर दुधाला वास लागतो, एवढं होतं. धोका बुरशी लागलेल्या वाळल्या किंवा मुरलेल्या रानमेथीत आहे. वर कुमारिनचा उल्लेख आलाय. नुसतं कुमारिन तितकं घातक नाही, पण ओलसर ढिगात बुरशी वाढली की त्याचं डायकुमारॉल होतं. ते व्हिटॅमिन के चं काम अडवतं आणि रक्त गोठेनासं होतं. कातडीखाली मऊ सूज येते, शिंग खरचटलं तरी रक्त थांबत नाही. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेत मेलिलोटसच्या खराब वैरणीने गुरं अशीच दगावली. त्याच शोधातून पुढे डायकुमारॉल सापडलं, आणि उंदीर मारायचं वॉरफॅरिनही. म्हणून उपटलेली रानमेथी बांधावर ढीग लावून ठेवायची आणि आठवड्याने गोठ्यात टाकायची, हे करू नका. सूज किंवा रक्तस्राव दिसला तर ती वैरण लगेच बंद करून पशुवैद्यांना बोलवा. व्हिटॅमिन के१ चं इंजेक्शन देतात, पण ते वेळेत द्यावं लागतं.

मेडिकॅगोचा दोष वेगळा. लसूणघासासारखीच कोवळी, दवाने ओली, उपाशीपोटी भरपूर खाल्ली तर पोट फुगतं. आधी कडबा द्या, मग ती. बोंडं वाळलेली असतील तर देऊच नका, काटे तोंडाला लागतात.

आंबुटीत आणि गुलाबी ऑक्झॅलिसमध्ये ऑक्झॅलेट हा जास्त झाल्यास बाधणारा क्षार असतो, ढीगभर घालू नये.

---

निफाड_बागायत

गोठा दादा, नेमकं कळलं. बादलीत धुऊन पाहिलं: धुमारे आहेत, टोकाला कांदे आहेत. लॅटिफोलियाच. शेवटचा प्रश्न: मेथीत आणि लसूणघासात पुढच्या वर्षी हे कमी कसं करायचं? गव्हात फवारणी चालते का?

---

तणवही

मेथी आणि लसूणघासात मेडिकॅगो, रानमेथी यांना निवडून मारेल अशा फवारणीची आशा ठेवू नका. पीक आणि तण एकाच कुळातले, इतके जवळचे की या सगळ्यांच्या मुळांवर गाठी करणारा जिवाणूही एकाच गटातला. लसूणघासाचं जिवाणू संवर्धक मेथीला चालतं ते त्यामुळेच. बरसीमला ते चालत नाही, त्याचा जिवाणू वेगळा. म्हणजे या दोन पिकांत निंदणीच करावी लागणार, आणि ती रोपावस्थेत.

रोपावस्थेची खूण: मेथीच्या दोन बीजपत्रांची जोडी ठसठशीत, सेंटीमीटरच्या आसपास लांब. रानमेथी आणि मेडिकॅगोची त्याच्या निम्मी. या सगळ्यांचं पहिलं खरं पान एकपर्णीच असतं, तीन पर्णिका दुसऱ्या पानापासून. त्यामुळे एकपर्णी रोप बघून 'हे दुसरंच काही' समजू नका. मेथी ओळीत पेरली तर ओळीबाहेरचं सगळं डोळे मिटून काढता येतं. फेकून पेरली तर रोप न् रोप बघत बसावं लागतं.

बियाणं: मेथीचं बी जाड, चौकोनी, तिरकी खाच असलेलं. रानमेथीचं सुटं बी दीड-दोन मिलिमीटरचं, म्हणून दोन मिलिमीटर गोल भोकांच्या चाळणीतून ते खाली पडतं आणि मेथी वर राहते. गफलत इथे होते की टरफलासकट राहिलेलं बी मेथीबरोबर वरच राहतं. आधी गोणपाटावर हलकं चोळून, पाखडून, मग चाळा. लसूणघासात ही युक्ती चालत नाही, कारण त्याचं बी रानमेथीच्याच मापाचं. तिथे प्रमाणित बियाणंच घ्यावं. अमरवेलीचं बी मात्र त्याहून बारीक, ते चाळणीने बरंच निघतं.

शेणखताकडेही बघा. रानमेथी आणि मेडिकॅगोच्या बियांचं कवच टणक असतं. जनावराच्या पोटातून काही बिया जिवंत बाहेर येतात आणि जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतात. एका हंगामात तण संपेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शेंग धरण्याआधी, साधारण जानेवारी संपायच्या आत, पाटाची कडा आणि बांध साफ करणं हे वाफ्यातल्या निंदणीइतकंच महत्त्वाचं. बी येतं ते बहुतेक तिथूनच.

गव्हात मेटसल्फ्युरॉन मिथाइल चालतं. २० टक्के पावडर हेक्टरी २० ग्रॅम, चिकट द्रव्यासह, पेरणीनंतर २५ ते ३५ दिवसांत, जमिनीत ओल असताना, तण दोन ते चार पानांचं असताना. रानमेथी तुऱ्यावर आल्यावर फवारलं तर ती पिवळी पडते आणि पुन्हा सावरते. हेक्टरी २० ग्रॅम म्हणजे एकरी ८ ग्रॅम. इतकं थोडं अंदाजाने मोजू नका, तोलणीचा काटा वापरा. त्याचा अंश जमिनीत राहतो, तेव्हा गव्हापाठोपाठ त्याच रानात मेथी किंवा इतर कडधान्यवर्गीय पीक घेऊ नका.

आणि २,४-डी हे तणनाशक निफाडसारख्या द्राक्षपट्ट्यात नकोच. द्राक्षाला त्याचा नुसता वाफारा पुरतो. पान पंख्यासारखं आवळतं, शिरा जवळ येतात, घड बिघडतो. शेजारची बाग दिसत नाही इतकी लांब असली तरी वाऱ्याचा भरवसा धरू नये.

---

सिन्नर_माळ

पुढच्या वेळी फोटो टाकताना हे चार टाका, म्हणजे पहिल्या उत्तरातच नाव मिळेल: मोजपट्टीशेजारी फूल किंवा शेंग, तिसऱ्या-चौथ्या पेराचं उपपर्ण पांढऱ्या कागदावर, पान खालच्या बाजूने, आणि धुतलेल्या मुळासकट अख्खं रोप. पांढऱ्या फुलाचं झाड काढणार असाल तर एक फांदी शेंगांसकट वर्तमानपत्रात दाबून ठेवा. पहिले चार दिवस कागद रोज बदला, नाहीतर पानं काळी पडतात. कागदावर तारीख, गाव आणि फुलाचा रंग लिहा, कारण वाळल्यावर रंग कळत नाही. पक्कं नाव हवं असेल तर तो नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात दाखवता येतो.